वाळलेलं झाड कोणाचं?

गेले दोन आठवडे आपण विहिरी आणि टँकर यांच्यावर बोललो. आज झाडांवर बोलायचं आहे. दुष्काळात पिकाचा पंचनामा होतो, जनावरांसाठी छावणी मागता येते. पण रस्त्याकडेचं, बांधावरचं उभं झाड वाळलं तर सांगायचं कुणाला? ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये हा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो. शाळेच्या वाटेवरची वाळलेली बाभूळ, आतून पोखरलेला आंबा, विजेच्या तारेवर झुकलेली चिंच. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, रस्तेवाले म्हणतात झाड खासगी आहे, आणि ज्याचं झाड तो म्हणतो तोडायच्या मजुरीला पैसे नाहीत. एवढ्यात वळवाचा पाऊस येतो आणि झाड स्वतःच निकाल लावतं.

हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात उभा राहिला होता. तिथे वाळलेली झाडं दोन-चार नव्हती, कोट्यवधी होती. तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी काय केलं, कुठे त्यांचे हात अपुरे पडले, ते आज ऐकू या. श्रीमंतांचा देश आहे, त्यांना काय कमी, असं मनात आणू नका. पैशाची ओढाताण तिथेही झाली, आणि ती कशी झाली हेच आपल्या कामाचं आहे.

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडा नावाची डोंगररांग आहे, आपल्या सह्याद्रीसारखी लांबलचक. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उंचावर त्याचा बर्फ होतो. उन्हाळ्यात हा बर्फ हळूहळू वितळतो आणि नद्यांना, धरणांना, जंगलाला पाणी मिळतं. डोंगरावर ठेवलेली टाकीच म्हणा ना. २०१२ पासून सलग चार-पाच वर्षं ही टाकी भरलीच नाही. १ एप्रिल २०१५ ला बर्फाची मोजणी झाली, तेव्हा नेहमीच्या सरासरीच्या फक्त ५ टक्के बर्फ शिल्लक होता. जेरी ब्राऊन हे तेव्हा तिथले राज्यपाल होते. तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा निवडून आलेला प्रमुख. मोजणीच्या जागी ते त्या दिवशी स्वतः गेले, तर एरवी जिथे बर्फाचे थर असतात तिथे नुसतं वाळकं गवत होतं.

या डोंगरांवर पाइनची जंगलं आहेत, आपण चीड म्हणतो त्या जातीची. पाइनच्या खोडात राळ असते. बाभळीला कोयता लागला की डिंक येतो ना, तसं पाइनला कुणी भोक पाडलं की राळ बाहेर येते. झाडाची राखण तीच करते. तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा साल पोखरून आत शिरायला बघतो, पण झाड धडधाकट असेल तर राळेच्या लोंढ्यानेच त्याला बाहेर ढकलतं, नाहीतर तो त्या चिकात गुदमरतो. हे भुंगेरे कुठून बाहेरून आलेले नाहीत, त्या जंगलात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एरवी म्हातारी, आजारी झाडं तेवढी त्यांच्या वाट्याला येतात.

दुष्काळात मात्र मुळांना पाणी नाही, म्हणून खोडात राळ नाही. मग भुंगेऱ्याला अडवणारं कुणी राहत नाही. पहिला भुंगेरा आत शिरला की तो एक वास सोडतो आणि त्या वासावर बाकीचे हजारोंनी येतात. सालीच्या आत मादी अंडी घालते. साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं, नेमका तोच थर अळ्या कुरतडतात. वर हे भुंगेरे आपल्या अंगाबरोबर एक बुरशी आणतात, ती लाकडात पसरून पाणी वर चढायची वाट बंद करते. झाडाचं अन्नही तुटतं आणि पाणीही. उन्हाळा लांबला की भुंगेऱ्याच्या वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढी शेजारचं झाड धरते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट रंगाची. भुंगेरा शिरल्यावरही झाड काही महिने हिरवंच दिसतं. मग पानं पिवळी पडतात, मग तांबडी. गावकऱ्याला झाड तांबडं दिसतं तेव्हा ते मेलेलं असतं आणि बरेचसे भुंगेरे दुसरीकडे उडून गेलेले असतात. तेव्हा फवारणी करून काहीच हाती लागत नाही. तिकडच्या लोकांनीही आधी औषधच विचारलं. जंगलखात्याच्या माणसांना पुन्हापुन्हा सांगावं लागलं की औषध फक्त निरोगी झाडाला, आधीच, आणि तेही अंगणातल्या एखाद्या मोलाच्या झाडाला. डोंगर फवारता येत नाही.

झाडं इतकी का मेली याला दुष्काळाखेरीज माणसाची एक करणीही आहे. मोनोसारखे तिथले मूळ आदिवासी पूर्वी जंगलात छोटी छोटी आग लावून पालापाचोळा आणि बारकी झाडं जाळून टाकत. जंगल विरळ राही. नंतरच्या सरकारांनी शंभर वर्षं प्रत्येक आग विझवायचं धोरण ठेवलं. जंगल दाट झालं, बघायला छान दिसलं, पण एका हंड्यातलं पाणी दहाजणींनी प्यायचं म्हणजे सगळ्याच तहानलेल्या राहणार.

अमेरिकेचं जंगलखातं दरवर्षी विमानातून झाडं मोजतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं की २०१० पासून १० कोटी २० लाख झाडं मेली, त्यातली ६ कोटी २० लाख एकट्या २०१६ मध्ये. पुढच्या वर्षाच्या शेवटी आकडा १२ कोटी ९० लाखांवर गेला. मधल्या हिवाळ्यात भरपूर पाऊस-बर्फ झाला होता, तरी मरणं लगेच थांबली नाहीत. दुष्काळ संपल्याचं कागदावर लिहिलं म्हणून झाडाची ताकद एका पावसात भरून येत नाही. आपल्या मोसंबीच्या बागांचं हेच झालं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातल्या बागा वाळल्या, आणि पुढच्या पावसाने त्या परत उभ्या राहिल्या नाहीत.

आता कारभाराकडे येऊ. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. बहुतेक काउंट्यांत पाच निवडून आलेल्या सदस्यांचं मंडळ असतं, रस्ते, पोलीस, आरोग्य असं बरंच काम त्यांच्याकडे. सिएरा नेवाडाच्या कुशीतल्या मॅरिपोसा, टुओलमी, माडेरा, फ्रेझ्नो, तुलारी, कर्न या काउंट्यांना सुरुवातीला सर्वांत जास्त फटका बसला. मॅरिपोसा म्हणजे स्पॅनिश भाषेत फुलपाखरू, आणि माडेरा म्हणजे लाकूड. जिचं नावच लाकूड, तिच्यावर लाकूड जड व्हायची वेळ आली.

मॅरिपोसाची लोकसंख्या जेमतेम १८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. उद्योग फारसे नाहीत, म्हणून करही थोडा. आणि मेलेली झाडं रस्त्यावर, शाळेवर, तारांवर, घरांवर झुकलेली. मेलेलं पाइन एक-दोन वर्षांत आतून कुजतं, मग ते तोडायलाही धोक्याचं होतं, कारण करवत लावताच वरचा शेंडा मोडून खाली येतो. थांबायला वेळ नव्हता.

काउंट्यांनी पहिली गोष्ट केली ती कागदाची. मंडळाच्या सभेत ठराव करून त्यांनी स्थानिक आणीबाणी जाहीर केली. ही आणीबाणी म्हणजे आपल्याला आठवते ती राजकारणातली नव्हे. आमच्या ताकदीबाहेरचं संकट आलं आहे, असं लेखी कबूल करणं, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ, हे सगळं एका घोषणेवर सुरू होतं. तिकडेही तसंच. घोषणेशिवाय राज्याच्या तिजोरीला हात लावता येत नाही. काउंट्या अशा बोलू लागल्यावर ३० ऑक्टोबर २०१५ ला राज्यपालांनी राज्याची आणीबाणी जाहीर केली.

त्यानंतर राज्य, काउंट्या, केंद्राचं जंगलखातं, वीज कंपन्या, रस्ते खातं अशा सगळ्यांना एका टेबलावर बसवणारी एक कृती समिती झाली. आमच्या मते या समितीचा मोठा उपयोग म्हणजे कोणतं झाड कुणाचं हे ठरलं. राज्य महामार्गाकडेचं झाड राज्याच्या रस्ते खात्याने काढायचं. तारेखालचं वीज कंपनीने. काउंटीच्या रस्त्याकडेचं काउंटीने. राष्ट्रीय जंगलातलं केंद्राने. खासगी जागेतलं मालकाने. ऐकायला साधं वाटतं, पण आपल्या गावात एवढं एक ठरवून घ्यायला किती हेलपाटे पडतात ते तुम्ही जाणताच.

पैशाचा हिशेब असा. काउंटीने झाडं काढण्यावर केलेल्या मान्य खर्चाचा ७५ टक्के भाग राज्य देणार, २५ टक्के काउंटीने घालायचा. पण राज्याचा पैसा आधी येत नाही. आधी खर्च करा, बिलं जोडा, मग परतावा. आपल्या शौचालयाच्या अनुदानाचं आठवा. बारा हजार मिळणार हे खरं, पण खड्डा, विटा, गवंडी हे सगळं आधी पदरचं घालून. ज्या घरात पदर रिकामा, तिथे शौचालय लांबलं. लहान काउंट्यांचं तेच झालं. गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच आगाऊ पैसा सर्वांत कमी. हा नियम आम्हाला पटत नाही. संकटात सगळ्यांना एकच टक्का लावणं बरोबरीचं दिसतं, पण १८ हजार वस्तीची काउंटी आणि १० लाखांच्या पुढची वस्ती असलेली फ्रेझ्नो काउंटी यांचा चौथा हिस्सा सारखा नसतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी शहाणपणाने केली. सगळी झाडं काढायचा हट्ट धरला नाही. मेलेली झाडं कोटींत, काढता येण्याजोगी लाखांत. मग आधी कुठली? त्यांनी नकाशे काढले आणि धोक्याचे दोन थर पाडले. पहिल्या थरात जिथे मेलेली झाडं आणि माणसांची वस्ती, रस्ते, शाळा, तारा, पाण्याच्या योजना एकमेकांना भिडतात अशा जागा. दुसऱ्या थरात नद्यांचं पाणलोट आणि त्यातलं मोठं जंगल. खोल जंगलातलं झाड पडलं तर पडू द्या, तिथे सुतारपक्षी घर करतील. शाळेच्या बसवर पडू शकणारं झाड आधी.

रस्त्याला पहिला मान द्यायचं आणखी एक कारण होतं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात २००२-०३ मध्ये असाच दुष्काळ आणि असेच भुंगेरे आले होते. तिथेही मार्च २००३ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि खात्यांनी एकत्र येऊन डोंगरातून खाली उतरायच्या रस्त्यांकडेची वाळलेली झाडं काढायला घेतली. ऑक्टोबरमध्ये डोंगराला मोठी आग लागली. घरं जळाली, पण हजारो माणसांना त्याच रस्त्यांनी खाली आणता आलं. उलट चित्र सप्टेंबर २०२० मध्ये दिसलं. फ्रेझ्नो आणि माडेरा काउंट्यांत, भुंगेऱ्यांनी मारलेल्या जंगलाच्या पट्ट्यात आग पेटली आणि पावणेचार लाख एकरांहून जास्त प्रदेश जळला. एका तलावाकाठी सुट्टीला आलेल्या लोकांचा रस्ता आगीने तोडला. सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी रात्री धुरातून जाऊन दोनशेहून जास्त माणसांना उचलून आणलं.

खासगी जागेतल्या झाडांचा गुंता सर्वांत अवघड होता. झाड माझ्या जागेत, पण पडणार सार्वजनिक रस्त्यावर. अशा झाडांसाठी काउंटीने मालकांकडून लेखी परवानगी घेतली, की आमच्या माणसांना आत येऊन झाड तोडू द्या. मालकाने सही केली की झाडावर खूण, मग ठेकेदार. काही मालक दुसऱ्या शहरात राहणारे, त्यांचा पत्ता शोधण्यातच वेळ जाई.

पण झाड मालकाच्या स्वतःच्याच घरावर पडणार असेल, रस्त्याला धोका नसेल, तर ते त्याचं त्याने बघायचं. डोंगरात पेन्शनवर राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. घराला खेटून असलेलं उंच पाइन क्रेन लावून तुकड्यातुकड्याने उतरवायचं म्हणजे एका झाडाला हजार डॉलर सहज ओलांडतात. अंगणात अशी दहा झाडं असली तर? इथे सरकारचा हात पोचला नाही, तिथे गावोगावच्या आगसुरक्षा परिषदा पुढे आल्या. या परिषदा म्हणजे स्थानिक लोकांनीच चालवलेल्या संस्था. राज्याकडून अनुदान मिळवायचं, अडलेल्या घरांची झाडं काढून द्यायची, घराभोवतीचा पाचोळा साफ करायला शिकवायचं. आपल्या गटांना ओळखीचं वाटेल असं काम. सगळ्यांना ते पुरलं नाही हेही खरं.

तोडलेल्या लाकडाचं काय केलं, असं तुमच्यातली कुणीतरी विचारणारच. आपण असतो तर चुलीला नेलं असतं. तिकडे सॉ मिल थोड्या उरलेल्या, आणि बुरशीने निळे डाग पडलेल्या लाकडाला भाव कमी. ढीग साचले. काही लाकडाची वीज केली. २०१६ मध्ये राज्याने कायदा करून वीज कंपन्यांना अशा धोक्याच्या भागातल्या लाकडापासून केलेली वीज विकत घ्यायला लावली. उरलेलं पावसाळी दिवसांत सांभाळून जाळलं. सरपणाबद्दल मात्र तिथे एक सांगणं सतत असतं की जिथे जाळायचं तिथलंच सरपण घ्या, लांबून आणू नका. ओंडक्याच्या सालीत किडा बसलेला असतो आणि टेम्पोत बसून तो नव्या गावाला जातो.

आता आपल्या अंगणात या. आपला भुंगेरा वेगळा. आंब्याच्या खोडकिड्याचा भुंगा बोटभर लांब असतो आणि त्याची अळी खोडातून बोगदा पाडत जाते. पण खूण सारखीच. खोडाला भोक, भोकातून लाकडाचा भुसा. भुसा दिसला आणि झाड अजून हिरवं आहे, तर वेळ गेलेली नाही. तारेचा आकडा करून अळी ओढून काढा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा भोकात घाला आणि चिखलाने तोंड बंद करा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहा, नवा भुसा दिसला तर पुन्हा करा. उन्हाळ्यात भांडी घासलेलं, अंघोळीचं पाणी आंब्याच्या बुंध्याला लावलंत आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलंत, तर झाडाची ताकद टिकते. ताकदीच्या झाडाला किडा कमी धरतो, हे तर आपण पाइनच्या राळेत पाहिलंच.

वाळून गेलेल्या झाडासाठी मात्र कागदच करावा लागतो. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी लेखी परवानगी लागते. अर्ज कुठे द्यायचा ते तलाठ्याला किंवा वनरक्षकाला विचारून घ्या. गटाने एक वही करावी. झाड कुठलं, कुठे आहे, पडलं तर कशावर पडेल, जागा कुणाची, रस्ता कुणाचा, जवळून तार जाते का. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. गावभरच्या वाळलेल्या झाडांची जत्रा नको, शाळा, अंगणवाडी, पाणवठा, बसथांबा आणि तार यांच्याजवळची आठ-दहा झाडं पुरे. तारेजवळच्या झाडांचा वेगळा अर्ज महावितरणच्या कार्यालयात द्या, पावसाळ्याआधी त्यांचं फांद्या तोडायचं काम चालतं तेव्हाच. जिच्या घरावर झाड झुकलं आहे आणि घरात कमावतं कुणी नाही, तिचं नाव यादीत सर्वांत वर लिहा. कॅलिफोर्नियात ती शेवटी राहिली होती.

ही यादी आधी महिला ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्या, म्हणजे मोठ्या ग्रामसभेत ती एकट्या बाईची तक्रार राहत नाही. ठरावात प्रत्येक झाडापुढे कोणत्या खात्याने ते काढायचं हे नावानिशी लिहायला सांगा. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याआधी आहे. म्हणजे यादी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ग्रामसेवकांच्या हातात हवी, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेऊन ती गटाच्या दप्तरात लावा.